बाण्याची जागा

नागपुरातल्या एका बागेत, कारंज्याच्या उजव्या हाताला, एक तांबूस दगड उभा आहे. भोवती चार लोखंडी खांब आणि साखळी, समोर संगमरवरी पाटी. पाटीवर ज्यांनी दगड आणला त्यांची नावं आहेत, ज्यांच्या हस्ते बसवला त्यांचं नाव आहे, आणि ज्यांनी तो 'उदार अंतःकरणाने दिला' त्यांचं तर ठळक अक्षरांत आहे. ज्या गावातून दगड उपटला त्या गावाचं नाव नाही. जागा पुरली नसेल. रविवारी लोक मुलांना त्या साखळीवर बसवून झोके देतात. ज्या मंडळींनी हा दगड बागेत आणला, त्यांच्या एकूण कार्यापैकी लोकांच्या उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे ही साखळी.

संपादकांनी कळवलं, कामाचे अनुभव लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, फार कडू नको. अनुभव लिहिण्याचं माझं वय नाही. तिशीही गाठलेली नाही. पण आणीबाणी उठल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही, आणि चिवड्यात मिरची लागतेच, एवढ्या भरवशावर लिहिते.

आमच्या संघटनेची खोली लकडगंजात, एका आरामशीनच्या माडीवर. खाली लाकूड चिरतात, वर आम्ही अर्ज लिहितो. आमच्या प्रत्येक अर्जात भुसा असतो, असं एक साहेब गमतीनं म्हणाले होते. त्यांच्या प्रत्येक उत्तरात काय असतं ते मी त्यांना गमतीनं सांगितलं नाही. माझं काम दोन प्रकारचं. ज्यांच्या जमिनीची हद्द कोणी खाल्ली त्यांच्या बाजूनं मोजणीला उभं राहायचं, आणि मोजणीनं भागलं नाही तर पत्रक काढायचं. पत्रकं छापायला मिश्राजी. त्यांचं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी वाक्यागणिक उद्गारचिन्ह टाकत असे. एके दिवशी मिश्राजींनी छपाईच्या खिळ्यांचा खण माझ्यासमोर उपडा केला. म्हणाले, "ताई, देखो. उद्गारचिन्ह सब घिस गये. अब जरा सीधा लिखो, गुस्सा वैसे भी समझता है." तेव्हापासून मी पूर्णविराम वापरते. राग वाया जात नाही, असा अनुभव आहे.

शहरातल्या माणसाला वाटतं की जमिनीची हद्द कागदावर असते. कागदावर फक्त रेघ असते. जुन्या नकाशात अख्खं शिवार हातरुमालाएवढं, आणि त्यातली शाईची रेघ जमिनीवर उतरवली तर तिच्या जाडीत बैलगाडी उभी राहील. ती बैलगाडी कोणाच्या शेतात उभी आहे हे ठरवायला जमिनीत रोवलेला दगड लागतो. आणि आता धंद्यातली एकच गोष्ट सांगते, ती लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजेल. हद्दीच्या दगडात दगडाला किंमत नसते. तो कुठं उभा आहे, याला असते. जागेवरून हलवला की तो वरवंट्याच्या लायकीचाही राहत नाही.

हे न कळणारे लोक मला भेटत असतात. एकदा एक सेवानिवृत्त गृहस्थ सायकलरिक्षातून आले. बरोबर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून ते माडीवर चढवलं. मी विचारलं, "काय आणलंत काका?"

"पुरावा," काका म्हणाले, आणि त्यांनी पोतं सोडलं. आत त्यांच्या प्लॉटच्या कोपऱ्यावरचा दगड. "शेजारी रोज थोडा थोडा आत सरकवत होता. म्हटलं, बघू आता कसा सरकवतो. उपटूनच घेऊन आलो."

"कुठं होता हा?"

"कुंपणाजवळ."

"आणि कुंपण?"

"कुंपण या दगडाजवळ," काका म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी कधी विसरणार नाही. तो दगड परत न्यायला ते आले नाहीत. आमच्या दाराला अडण म्हणून आजही आहे. काकांना मी पोटभर हसले होते. हाच मूर्खपणा विद्वान माणसं बॅण्ड लावून करू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तर हिवरटोली. शहराच्या दक्षिणेला, जिथं आता शेतं संपून घरांच्या प्लॉटचे ले-आउट सुरू होतात, तिथलं लहानसं गाव. इंग्रजी अमलात एका घराण्यानं साहेबाची मर्जी राखली. कशी राखली, याचं वर्णन घराण्यानं छापलेल्या चरित्रात एक आहे आणि गावाच्या तोंडी दुसरं. बक्षीस म्हणून साहेबानं त्यांना गावालगतची मोठी जमीन सारा माफ करून दिली. तिला आजही लोक 'माफी' म्हणतात. जमीन देताना गावाला कोणी विचारलं नव्हतं. पण साहेब टापटिपीचा. त्यानं माफीच्या चारही कोपऱ्यांवर दगड रोवले, त्यांवर बाणाचं चिन्ह आणि खाली एक इंग्रजी अक्षर कोरलं. गावानं त्या दगडांचं नाव ठेवलं बाण्या. चारांतला एक पुढं कुठल्याशा पुलाच्या मोरीत गेला, एक देवळाची पायरी झाला, एकाचं काय झालं कोणाला ठाऊक नाही. उरला एक. गावाच्या बाजूचा.

मी या दगडाची भक्त नाही. लुटीचा दगड तो. पण लुटीलाही हद्द असते, हे सांगणारा तेवढा एकच साक्षीदार शिल्लक होता. बाण्याच्या पलीकडे माफी. अलीकडे गावाची निस्ताराची जमीन, म्हणजे सगळ्या गावानं मिळून वापरायची. गुरं चारायची, जळण वेचायचं, घराला मुरूम काढायचा. त्या पट्ट्यावर गावाच्या म्हशी जगतात आणि म्हशींवर गाव.

त्यातल्या पाच-सहा म्हशी तुळसाबाईच्या. तुळसाबाई म्हणजे उंचीनं कमी आणि आवाजानं जास्त. नवरा वारल्यावर तिनं दुधावर दोन मुली उजवल्या. रोज डोक्यावर खव्याची पाटी घेऊन ती शहरात येते. आमच्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथं मोठं कोनी नाही का वं?"

मी म्हटलं, "मीच आहे. सांगा."

"मंग तुलेच सांगतो. आमच्या चराईत खुट्ट्या ठोकून राहिले ते. भैयासाहेबाचे मानसं. म्हनते, माफी नाल्यापर्यंत हाय. नाल्यापर्यंत गेली त आमच्या म्हशी काय सिमेंट खातीन?"

भैयासाहेब म्हणजे त्या घराण्याचे सध्याचे वारस. वय पन्नाशीचं, सफारी कडक इस्त्रीची, बोलणं लोण्यासारखं. माफीवर ले-आउट टाकायचा त्यांचा बेत ठरला होता. बाण्या आणि नाला यांच्यामधली चराई त्यात आली की प्लॉट दुप्पट. जुन्या सनदेत 'नाल्याच्या बाजूस दगडापर्यंत' असे शब्द. दगड उभा असेपर्यंत त्याचा अर्थ एकच. दगड नसला की वाक्यात उरतो फक्त नाला. आणि नालाही दर पावसाळ्यात कूस बदलणारा.

पण हद्दीचा दगड उपटायची हिंमत भैयासाहेबांनाही नव्हती. तो गुन्हा आहे, आणि गावाच्या हिशेबात गुन्ह्याहून वाईट. त्यासाठी अंगावर शाल घेतलेला माणूस लागतो. चोरानं नेला तर चोरी होते. विद्वानानं नेला तर त्याला जतन म्हणतात.

शहरात जुन्या वस्तूंवर प्रेम करणारं एक मंडळ होतं. अध्यक्ष एक प्राध्यापक. त्यांच्या बैठकीत जुनी नाणी, तलवारीच्या मुठी आणि एकमेकांची स्तुती यांची देवघेव चाले. भैयासाहेबांनी त्यांना बाण्या दाखवला की त्यांनी भैयासाहेबांना, हे मला आजही समजलेलं नाही. प्राध्यापक निष्पाप होते असं सगळे सांगतात. मी मान्य करते. निष्पाप माणसानं केलेल्या नुकसानीवर दाद मागता येत नाही, एवढीच माझी अडचण आहे.

दगड हलला त्या आठवड्यात मी नरखेड तालुक्यात होते. दोन सख्खे भाऊ, मध्ये संत्र्याची बाग, आणि बागेच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड गायब. दोघंही एकमेकांवर चोरीचा आळ घेऊन अन्नपाणी सोडण्याच्या बेतात. दगड सापडला धाकट्याच्या विहिरीवर. त्याच्या सुनेनं कपडे आपटायला नेला होता. सून म्हणाली, "मले काय माहीत हा सरकारी हाय? बिनकामाचा पडून होता त आणला." थोरला भाऊ जिंकल्यासारखा ओरडला, "सापडला." मी विचारलं, "आता जागा कुठली?" मग बऱ्याच दिवसांनी भाऊ पहिल्यांदा एका खाटेवर बसले, असं मला तिथल्या म्हातारीनं सांगितलं. त्या सुनेला मी दोष देत नाही. तिनं निदान दगडावर कपडे धुतले.

परत आले तर खोलीच्या दारात तुळसाबाई. पाटी उतरवलेली, खवा तसाच.

"बाण्याले नेला वं," ती म्हणाली.

"कोणी?"

"मोठमोठे लोक आलते. बॅण्ड होता. गुलाल उधळला. तो चष्मेवाला मास्तर बोलला का हा दगड म्हनजे तुमच्या गावाचं भाग्य हाय, याले आता साऱ्या नागपूरचे लोक पाहतीन. भैयासाहेबानं नारळ फोडला." ती पाटीवरचं फडकं सारखं करू लागली. "आम्ही बायांनी वटी भरली त्याची."

"बाण्याची?"

"नाही त काय. सासरी जाऊन राहिला वाटलं. धुऊनपुसून आनतीन मनलं परत." मग ती जमिनीकडे बघून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर भैयासाहेबाचं ट्रॅक्टर फिरलं. तवा समजलं."

गावाला मी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या दगडाला आजवर कोणी हार घातला नव्हता. शहरातले लोक गाडीतून उतरून, हात जोडून, 'तुमचं गाव ऐतिहासिक आहे' म्हणाले, तर कोण नाही म्हणेल? मान देऊन लुबाडण्याची ही रीत जुनी आहे. साहेबानं त्या घराण्याला सनद दिली तेव्हाही बॅण्ड होताच असणार.

तुळसाबाईला घेऊन मी बागेत गेले. सिमेंट अजून ओलं होतं. ती दगडाभोवती एक चक्कर मारून आली, साखळी ओलांडून त्याच्या अगदी जवळ उभी राहिली, आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून पाहू लागली.

"हा असा बुटका काहून झाला वं?"

मी म्हटलं, "सिमेंटात रोवलाय ना, म्हणून."

"पहिले मातीत नव्हता का रोवला? मह्या कमरेले लागत होता. उभ्या उभ्या टेकत होतो मी याले, म्हशी राखतानी. आता गुडघ्यावर आला."

तिथून आम्ही प्राध्यापकांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, बसायला दिलं, आणि दगडाबद्दल माहितीही दिली, ती न मागता. मी विचारलं, "दगड नेमका कुठं उभा होता, याचं माप घेतलं का?"

"माप?" ते म्हणाले. "आम्ही छायाचित्रं घेतली आहेत."

छायाचित्रं आली. पहिल्यात प्राध्यापक आणि दगड. दुसऱ्यात पाहुणे आणि दगड. तिसऱ्यात पाहुणे, प्राध्यापक, भैयासाहेब, मंडळाचे चिटणीस, त्यांच्या पत्नी, आणि कोणाच्यातरी कोपराखालून डोकावणारा दगडाचा कान. मागं विहीर नाही, झाड नाही, टेकडी नाही. साऱ्या चित्रांत मिळून बाण्या कुठल्या जिल्ह्यात उभा होता हेसुद्धा सांगता येत नव्हतं.

"तिकडेच होता," प्राध्यापक म्हणाले. "एक बाभूळ होती जवळ."

"त्या शिवारात बाभळीशिवाय काही नाही, सर."

तुळसाबाईनं मध्येच आपला प्रश्न घातला. "मास्तर, तो बुटका काहून झाला?"

प्राध्यापक मायेनं हसले. "असं होतं, बाई. लहानपणापासून पाहिलेल्या वस्तू आठवणीत मोठ्या असतात."

हे वाक्य मी पुढं दोन पत्रकांत वापरलं. विद्वत्तेचा असा स्वच्छ नमुना पुन्हा मिळत नाही. दगडाला टेकून जिचं अर्धं आयुष्य गेलं तिला हा माणूस आठवणी म्हणजे काय ते समजावत होता, आणि ती "हाव जी" म्हणून चहा बशीत ओतत होती. बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, "याच्या घरी म्हैस नसन कधी."

आम्ही मोजणीचा अर्ज टाकला. भैयासाहेबांनीही टाकला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दगड नाल्याकाठीच उभा होता, नसेल तर कुठं होता ते दाखवा. दाखवायला नांगरलेली काळी माती. तारीख पोळ्यानंतरची मिळाली. मोजणीत चराई गेली, तर म्हशी विकायच्या, असं गावात बोलणं सुरू झालं होतं. तुळसाबाईनं एक गाभण म्हैस सोयरिकीतल्या माणसाला दाखवूनही ठेवली होती. मला तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाकडून कळलं.

आणि मध्ये आली मारबत.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीला, पहाटे ते मेढे, फुटकी सुपं, झिजलेले झाडू, मातीची फुटकी भांडी असं सगळं गोळा करून, घरातली रोगराई, ढेकूण, खोकला यांना मोठ्यानं नावं घेऊन हाकलत गाव शिवेवर जातं, आणि शिवेच्या बाहेर ते जाळतं. बाहेर म्हणजे बाहेरच. एक काडी आत पडली तर पीडा आतच राहिली. शहरात त्याच दिवशी बडग्या निघतात, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा पुतळा. नागपूरकराला टीका शिकायला पुस्तक लागत नाही.

मी त्या वर्षी पत्रक काढलं नाही. हिवरटोलीच्या पोरींबरोबर बडग्या बांधला. त्याला शाल, डोळ्याला तारेचा चष्मा, काखेत एक विटकर, गळ्यात पाटी: 'जुनं ते सोनं, दुसऱ्याचं ते आपलं.' पाटीचा मजकूर माझा. विटकरीची कल्पना तुळसाबाईची.

पहाटे गाव निघालं. नांगरलेल्या शेतात ना खूण ना पायवाट. मी मनातून घाबरले होते की आता प्रत्येक जण वेगळीकडे जाईल, आणि भैयासाहेबांचा माणूस ते पाहील. तो होताच तिथं, सायकलला टेकून. पण गाव थांबलंसुद्धा नाही. पुढच्या बाया बोलत बोलत गेल्या, एका जागी थांबल्या, आणि त्यांनी हातातलं पुढं फेकलं. नाल्यापासून खूप लांब, माफीकडे. सायकलवाला ओरडला, "माफीत जाळू नका गा, साहेब रागावते." एक म्हातारा म्हणाला, "तुह्या साहेबाच्या आज्यापासून जाळून राहिलो. आता काहून रागावते?" बडग्या छान पेटला. चष्मा शेवटी गळून पडला.

चार-पाच दिवसांनी मोजणी. मोजणीदार शांत माणूस. मोजणीची साखळी ओढण्यापेक्षा त्यांचा जीव सुपारी कातरण्यात. एका बाजूला भैयासाहेब छत्रीखाली, त्यांचे वकील, आणि प्राध्यापक 'तज्ज्ञ' म्हणून. दुसऱ्या बाजूला गाव आणि म्हशी. भैयासाहेबांनी नाल्याकाठी एक जागा दाखवली. प्राध्यापकांनी मान डोलावली, कारण तिथंही एक बाभूळ होती.

आम्ही आमची जागा दाखवली. मोजणीदारांनी पायानं राख उडवली.

"ही तर परवाची आहे, बाई. राखेला सातबारा नसतो. उद्या कोणीही कुठंही शेकोटी पेटवील आणि म्हणेल ही शीव."

मी काही बोलायच्या आत भैयासाहेब बोलले. इतका वेळ ते लोण्यासारखे होते. पण राख पाहून घराण्याचा जुना घाव उघडा पडला असावा.

"परवाची कशाची? हे लोक वर्षानुवर्षं आमच्या जमिनीत घाण जाळतात. माझ्या आजोबांनी त्या दिवसापुरता राखणदार ठेवला होता. दगडाला लागून, आमच्या बाजूला, मुद्दाम जाळतात. यांची सगळी रोगराई आमच्या अंगणात."

सुपारी कातरायची थांबली.

"तुमच्या बाजूला," मोजणीदार म्हणाले. "दगडाला लागून."

"अर्थात. गावाच्या बाजूला एक काडी पडू देत नाहीत."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. मी लहानपणापासून पाहतो आहे."

वकिलांनी त्यांच्या बाहीला हात लावला, पण उशीर झाला होता. मोजणीदारांनी अडकित्ता खिशात घातला आणि पहिल्यांदाच उत्साहानं म्हणाले, "मग जुनी राख खाली असेलच. खणा. दोन्ही जागी खणा."

नाल्याकाठी खणलं. पिवळा मुरूम निघाला, आणि मुरूमच निघत राहिला. मग आमच्या जागी. नांगरानं उलटलेल्या मातीखाली काळा थर लागला. त्याखाली आणखी काळा. जळके पळसाचे बुंधे, खापरं, बांगड्यांचे वितळलेले तुकडे, एका सुपाची कड. हातभर खाली गेलं तरी राख. पिढ्यान्‌पिढ्यांचे ढेकूण आणि खोकले तिथं शिस्तीत थर लावून पडले होते. आणि ती राख एका बाजूला सुरीनं कापल्यासारखी संपत होती. त्या कडेच्या अलीकडे, चराईत, स्वच्छ माती.

खणणाऱ्या पोरानं कडेला सब्बल मारली. ठण्ण आवाज आला.

माती हातानं काढली. तांबूस दगड. चारी बाजू घडीव, खोल जमिनीत गेलेला, आणि वरचा भाग ताजा तुटलेला. घणाचे घाव अजून पांढरे होते.

तेव्हा सगळ्यांना एकदम समजलं. साहेबानं दगड रोवला होता तो जमिनीवर जेवढा, त्याहून जास्त जमिनीत. मंडळानं नेमलेल्या ठेकेदाराला तो उपटेना. संध्याकाळी बागेत समारंभ, पाहुणे येणार. नारळ-ओटी उरकून सगळे पांगल्यावर त्यानं हातभर खणलं, घणानं वरचा तुकडा तोडला, खड्डा बुजवला, आणि कोणाला सांगितलं नाही. बुडखा नसलेला तो तुकडा बागेत उभा राहावा म्हणून निम्म्याहून अधिक सिमेंटात गाडावा लागला, म्हणून बुटका. ज्यांनी दगडाचं जतन केलं त्यांनी त्याचे दोन तुकडे केले होते आणि त्यांना तेही कळलं नव्हतं. भैयासाहेबांनाही कळलं नव्हतं, नाहीतर त्यांनी ट्रॅक्टरऐवजी सुरुंग लावला असता.

तुळसाबाई खड्ड्याच्या काठावर बसली. तिनं वाकून तुटक्या माथ्यावरची माती पदरानं पुसली. मग प्राध्यापकांकडे मान वर करून शांतपणे म्हणाली, "मास्तर, माही आठवन इथं हाय पहा."

प्राध्यापक म्हणाले, "कालौघात झीज होते." ते घणाच्या घावाकडे बघत हे म्हणाले.

मोजणी त्या अर्ध्या दगडावरून झाली. चराई गावाची राहिली. भैयासाहेबांनी वर दाद मागितली, ती फेटाळली गेली. ले-आउट पडला, पण बाण्यापर्यंत. गाभण म्हैस विकली गेली नाही. तिला पारडी झाली, आणि तुळसाबाईनं मला खरवस आणून दिला. माझ्या कामात यापेक्षा मोठं बक्षीस मिळत नाही आणि मला हवंही नाही.

एका गोष्टीची मात्र रुखरुख आहे. वरचा तुकडा परत आणून खालच्यावर बसवावा म्हणून मी मंडळाला पत्र लिहिलं. साधं पत्र, पूर्णविरामाचं. उत्तर आलं की सदर दगड आता ऐतिहासिक ठेवा असल्यामुळे त्यास हात लावता येणार नाही. माझ्या आयुष्यात मी वाचलेलं हे सर्वांत निर्लज्ज वाक्य आहे, आणि मी निवडणुकांचे जाहीरनामे वाचलेले आहेत. गावात त्या तुटक्या माथ्याभोवती आता दगडांची एक कडी घातली आहे. मारबतीच्या दिवशी तिच्या पलीकडे जाळ होतो. ले-आउटमधल्या नव्या बिऱ्हाडांची तक्रार असते की धूर घरात येतो. त्यांना भैयासाहेबांकडे पाठवते.

तुळसाबाई खवा विकून परत जाताना कधीकधी त्या बागेत टेकते. रखवालदारानं एकदा तिला हटकलं, "बाई, साखळीच्या आत बसू नका, ऐतिहासिक आहे ते." ती म्हणाली, "महा ओळखीचा हाय गा तो. याचं खालचं अंग आमच्या गावाले राहते."

मंडळानं अलीकडे पाटी नव्यानं कोरायची ठरवली आहे. पहिलीत एका पाहुण्याचं नाव चुकलं होतं म्हणे. लोकांकडून सूचना मागवल्या आहेत. मी पाठवली आहे, एकाच ओळीची, कोरायला स्वस्त पडेल अशी: बाकीचा दगड हिवरटोलीत कामावर आहे.